चाळीस मिनिटांनी

पहिल्यांदा वाजलं ते एक चाळीसला.
मग दोन वीसला. मग तीनला.
उशाशी पडलेल्या वीजबिलाच्या पाठीवर
मी वेळा मांडत गेले एकाखाली एक,
शाळेत हजेरी मांडायचे तशा.
खाडीतून नाही, चर्चच्या बाजूनं नाही,
समोरच्या अँब्रोस पिंसेंटच्या शेडमधून
घर्रकन उठायचं काहीतरी,
मिनिटभर धापा टाकायचं
आणि गप्प.

सकाळी गेले, तणतणत.
दारातच नवी लाल टाकी,
तिच्या पायांखाली आइस हॉकीच्या चार जुन्या चकत्या.
"हादरा जमिनीत उतरू नये म्हणून!" तो ओरडला.
तो सगळंच ओरडून बोलतो.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस.
भिंतीभर तांब्याचा पाइप,
डोळ्यांना सरळ वाटे,
पण वर गोटी ठेवली असती तर
कोपऱ्यातल्या नळाकडे घरंगळत गेली असती.
"उतार आहे! हवा दाबली की पाणी सोडते.
आणि आपल्या न्यूफाउंडलंडची हवा म्हणजे
अर्धं धुकंच.
पाण्याला जायला वाट नको?"
प्रत्येक फाटा त्यानं पाइपच्या पाठीवरून काढलेला,
बदकाच्या मानेसारखा वर नेऊन खाली वळवलेला.
पाणी पोटातून निघून जाईल,
रंगाच्या पिचकारीत येईल ती कोरडी हवा.
मागे होडी उलटी टांगलेली,
रंगाची वाट बघत, दोन हिवाळे.

"हे रात्री कशाला चालवतोस?"
"रात्री? रात्री कोण चालवतंय?
काटा एकशेवीसवर गेला की आपोआप थांबतं."
मी वीजबिल पुढं केलं.
वेळांवरून त्यानं बोट फिरवलं, वरून खाली,
पुन्हा वरून खाली.
"गळतंय कुठंतरी," तो म्हणाला,
इतक्या हळू की मीच पुढं वाकले.

साबणाचं पाणी, दाढीचा ब्रश, सदतीस सांधे.
तो ब्रश फिरवत होता, मी कान लावत होते.
त्याचे कान समुद्रानं ठेवून घेतलेले.
माझे पोरांनी तासलेले:
पाठमोरी फळ्यावर लिहीत असले तरी
मागच्या बाकावरून दातांतून सरकवलेलं उत्तर
मला अजून ऐकू येतं.
तसंच आलं ते. बारीक, चोरटं.
खिडकीच्या डावीकडून,
जिथं खुंटीवर मिंटाचा पिवळा रेनकोट आहे.

त्याच्या मागं एक सांधा होता.
कोट न हलवता, मागून हात घालून,
नुसत्या अंदाजानं त्यानं पाना फिरवला होता.

मी काही बोलले नाही.
शेवटी एका बाहीला त्यानं धरलं,
कॉलरला मी,
आणि दोघांनी मिळून तो
चार पावलांवरच्या खिळ्याला नेऊन अडकवला.
खिशात काहीतरी खुळखुळलं.
कुणी पाहिलं नाही.
सांध्यावर साबण लावला तर
वाटाण्याएवढा बुडबुडा फुगला, फुटला,
दुसरा आला.
मग सांधा उकलून पांढऱ्या टेपचे चार वेढे,
आट्यांच्याच दिशेनं. पाना. पुन्हा साबण.
काही नाही.

त्या रात्री एक चाळीसला मी जागी होतेच.
दोन वीसलाही.
तीनला उठून खिडकीशी गेले.
शेड काळोखात नुसती बसलेली.
झोप काही त्या आवाजानं मोडत नव्हती तर.

सकाळी तो फाटकाशी उभा.
"वाजलं?"
"नाही."
"नक्की?"
"लिहिलंय का बघ," म्हणून मी कोरं पाकीट दाखवलं.
त्यानं मान डोलावली,
मग टाकीच्या पोटाखालचा नळ उघडला.
फसफसत वाटीभर पाणी आलं,
गंजाच्या रंगाचं, गार.
"कालचं धुकं!" तो ओरडला,
आणि वाटी माझ्यापुढं धरली,
मी बघावं म्हणून.